आकाशाची तारीख बदलताना

आकाशदर्शनाचे ॲप मोबाइलवर घेतलेल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध एका प्रश्नापुरता असतो : समोरचा तो ठळक तारा कोणता? फोन आकाशाकडे धरायचा, शुक्र किंवा व्याध असे नाव वाचायचे, झाले. फोन जिकडे वळेल तिकडचे आकाश पडद्यावर येते, याची पहिले चार दिवस गंमत वाटते आणि मग ॲप इतर ॲपच्या गर्दीत हरवते. हे वाया जाणे आहे. कारण या ॲपची खरी ताकद दिशा दाखवण्यात नाही. ती पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत दिसणाऱ्या तारीख-वेळेत आहे.

त्या वेळेला बोट लावून पाहा. स्टेलॅरियममध्ये वेळेची पट्टी उघडते आणि बोट सरकवले की आकाशही सरकते. स्कायसफारीत मिनिट, तास, दिवस असे एकक निवडून बाणांनी पुढे-मागे जाता येते. गुगलने २००९ मध्ये आणलेल्या आणि पुढे सर्वांसाठी खुल्या केलेल्या स्काय मॅपमध्ये तर या सोयीचे नावच ‘टाइम ट्रॅव्हल’ आहे. ‘आत्ता’ या क्षणावर परत आणणारे बटणही बहुतेक ठिकाणी असते. फ्रान्सच्या फाबियाँ शेरो याने २००० साली सुरू केलेले स्टेलॅरियम संगणकावर वापरत असाल तर कळफलकावरची तीन अक्षरे पुरतात : एल दाबला की काळाचा वेग दर वेळी दहापट होतो, जे दाबला की तो उतरतो आणि शेवटी उलटाही वाहू लागतो, के दाबला की पुन्हा घड्याळाच्या चालीने.

काळ हातात घेण्याची ही हौस मोबाइलहून फार जुनी आहे. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेले अँटिकिथेरा यंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याची मूठ फिरवली की दंतचक्रे फिरत आणि सूर्य-चंद्र राशीचक्रात पुढे सरकत. त्यातली नियंत्रणाची गोष्ट एकच होती, ती म्हणजे तारीख. म्युनिकच्या संग्रहालयात १९२३ मध्ये झाइसच्या प्रक्षेपकाने घुमटावर आकाश उमटवले, तेव्हाही लोकांना भुरळ पडली ती अख्खी रात्र काही मिनिटांत सरकताना पाहून. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या आवारात १९५४ मध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले आणि मुंबईत १९७७ मध्ये नेहरू तारांगण. तिथे वेळेची कळ निवेदकाच्या हातात असे. आता ती आपल्या अंगठ्याखाली आली आहे, आणि ती कशी वापरायची हे सांगणारा निवेदक मात्र शेजारी नाही.

आधी ॲपच्या पोटात काय चालते ते पाहू. आपल्याला दिसते ती तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिटे. ॲप स्वतःशी बाळगते फक्त एक आकडा : ज्युलियन दिनांक. इसवी सनपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीच्या दुपारपासून किती दिवस लोटले, त्याची ही सलग मोजणी. जोसेफ स्कॅलिजरने १५८३ मध्ये मांडलेला कालखंड पायाला धरून एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शलने ती खगोलशास्त्रात आणली. २०२६ च्या १ जानेवारीला भारतात सायंकाळचे साडेपाच वाजले तेव्हा हा आकडा बरोबर २४,६१,०४२ होता. महिने, लीप वर्षे, शतके यांची कटकटच नाही. पुढे जायचे तर बेरीज, मागे जायचे तर वजाबाकी.

आपल्या पंचांगकर्त्यांना यात नवे काही वाटले नसते. ते याला अहर्गण म्हणत आणि कलियुगाच्या आरंभापासून किंवा ग्रंथात ठरवलेल्या एखाद्या दिवसापासून दिवस मोजत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिले. अहर्गणाचा आकडा फुगत जातो आणि गुणाकार करणाऱ्याची दमछाक होते, हे ओळखून त्याने ४०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचे चक्र बांधले आणि चक्रात उरलेल्या दिवसांवरच गणित करायची सोय केली. पाटीवर किंवा धुळीवर गणित करणाऱ्या माणसाचा असा विचार करणारा ग्रंथ पुढची कित्येक शतके वापरात राहिला, यात नवल नाही. मोबाइलच्या प्रोसेसरला मोठ्या आकड्याची भीती नाही, एवढाच फरक.

त्या एका आकड्यावरून प्रत्येक ग्रहाची जागा थेट निघते. ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. कालची जागा घेऊन त्यात आजची चाल मिळवायची, असे ॲप करत नाही. पॅरिसच्या ब्यूरो दे लाँगिट्यूडमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेली ग्रहगतीची सूत्रे म्हणजे शेकडो लहानमोठ्या आवर्तनांची बेरीज आहे. त्यात वेळ घातली की जागा बाहेर येते. म्हणून काळ उलटा फिरवणे ॲपला जड जात नाही आणि हजार वर्षे उडी मारायलाही तेवढाच वेळ लागतो जेवढा एक सेकंद पुढे जायला. मधल्या चुका साठत नाहीत, कारण मध्ये कोणी चाललेलेच नसते.

नवख्याच्या हाती कळ आली की तो पहिल्यांदा वेग वाढवतो. सेकंदाला एक तास, मग सेकंदाला एक दिवस. तारे पूर्वेकडून धावत येतात, ध्रुवाभोवती गरगरतात, दिवस-रात्र फटफट उघडमिट करतात. आणखी वाढवला की नुसता लखलखाट होतो आणि काही कळेनासे होते. याचे कारण साधे आहे. पडदा सेकंदाला साधारण साठ चित्रे दाखवतो. सेकंदाला एक वर्ष असा वेग ठेवला तर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत सहा दिवस उलटतात. तेवढ्यात चंद्र ऐंशी अंश उडी मारतो. एका चित्रात मध्यान्ह, पुढच्यात दुपार, त्यापुढच्यात उतरते ऊन. तो गोंधळ आकाशातला नाही, आपण वेळ ज्या मापाने कापली त्या मापातला आहे.

म्हणून वेग विसरावा आणि पाऊल निवडावे. एका टिचकीला काळ किती पुढे जावा हे आपण ठरवायचे. त्यामागचे तत्त्व एका वाक्याचे आहे : ज्याचा फेरा आपल्या पावलाएवढा, ते जागच्या जागी थिजते आणि बाकीचे चालताना दिसते. आकाशात सगळेच एकाच वेळी फिरत असते, म्हणून काही उमगत नाही. पाऊल नेमके निवडले की एक फिरणे बाजूला काढता येते. ही किल्ली सापडली की ॲप करमणुकीचे राहत नाही, उपकरण होते.

चोवीस तासांचे पाऊल घ्या. ठिकाण पुणे, वेळ दुपारी साडेबारा, वातावरण दाखवण्याची सोय बंद म्हणजे दिवसाही तारे दिसतील. आता एकेक दिवस पुढे चला. सूर्य जवळजवळ थिजतो, पण पुरता नाही. वर्षभरात तो उत्तर-दक्षिण जातो आणि थोडा पूर्व-पश्चिमही डुलतो. त्याच्या जागा जोडल्या तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती होते. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा किंचित लंबगोल, या दोन कारणांची ती सही. त्यामुळे घड्याळाच्या मानाने सूर्य फेब्रुवारीत सुमारे चौदा मिनिटे मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे असतो. महाराष्ट्रातून पाहताना आणखी एक गोष्ट दिसते, जी युरोपातल्या माणसाला घरून कधीच दिसत नाही : हा आकडा आपल्या डोक्यावरून पार पलीकडे जातो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, मध्यावर पुणे आणि मुंबई, शेवटच्या आठवड्यात नागपूर असा सूर्य माथ्यावर येत उत्तरेकडे सरकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच वाटेने परततो. हेच शून्य सावलीचे दिवस. आपल्या गावची तारीख वर्तमानपत्राने छापायची वाट कशाला पाहायची? गाव निवडा, एप्रिलच्या अखेरीपासून दिवसाचे पाऊल टाका, सूर्याचे मध्यान्हीचे उन्नतांश नव्वदला टेकतात तो दिवस तुमचा. पुण्यात त्या वेळी घड्याळात बारा नव्हे, साधारण बारा एकतीस झालेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला.

आता पाऊल चार मिनिटांनी लहान करा : २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद. हा नाक्षत्र दिन. पृथ्वीला ताऱ्यांच्या संदर्भात एक गिरकी घ्यायला एवढाच वेळ लागतो. सूर्याला पुन्हा माथ्यावर आणायला तिला आणखी चार मिनिटे फिरावे लागते, कारण दरम्यान ती आपल्या वाटेवर एक अंश पुढे गेलेली असते. गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालणाऱ्याने तोंड सतत देवाकडे ठेवले, तर फेरा संपेपर्यंत त्याची स्वतःभोवतीही एक गिरकी झालेली असते, तसाच हा वर्षाकाठी पडणारा एका गिरकीचा फरक. संगणकावरच्या स्टेलॅरियममध्ये ऑल्ट आणि बरोबर चिन्हाची (=) कळ दाबली की नेमके हे पाऊल पडते. ॲपमध्ये ती सोय नसेल तर एक दिवस पुढे जाऊन चार मिनिटे मागे या, काम भागते.

या पावलाने सारे तारे खिळून राहतात आणि त्या स्थिर पटावर फक्त भटके चालतात. सूर्य रोज एक अंश, चंद्र तेरा अंश, ग्रह आपापल्या लहरीने. मंगळ वक्री होतो म्हणजे काय, हे शंभर आकृत्यांनी जेवढे कळत नाही तेवढे इथे कळते. २०२६ च्या नोव्हेंबरपासून २०२७ च्या एप्रिलअखेरपर्यंत नाक्षत्र दिनाने चालत जा. सिंहेच्या ताऱ्यांत शिरलेला मंगळ जानेवारीत मंदावतो, थबकतो, मागे वळतो, एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा थांबतो आणि पूर्ववत पुढे निघतो. मागे चालण्याच्या ऐन मध्यावर, १९ फेब्रुवारी २०२७ ला, तो सूर्याच्या बरोबर समोर येतो. त्याच महिन्यात गुरूही सूर्यासमोर येतो, तोही सिंहेजवळ आणि तोही वक्री. मग ॲपला पृथ्वीवरून उचलून सूर्यावर उभे करा, म्हणजे निरीक्षकाचे ठिकाण सूर्य ठेवा. वक्री गती एका क्षणात नाहीशी होते. मंगळ कधीच मागे गेलेला नव्हता, आतल्या वाटेने जाणाऱ्या आपल्या पृथ्वीने त्याला मागे टाकले होते. वक्री मंगळाने ज्यांची झोप उडते त्यांना हा प्रयोग मी जरूर सुचवीन.

चंद्रासाठी दोन पावले आहेत. २७.३२ दिवसांचे टाकले तर चंद्र त्याच नक्षत्रात परत येतो, पण त्याची कला बदललेली असते. २९.५३ दिवसांचे टाकले तर कला तीच राहते आणि नक्षत्र बदलते. पौर्णिमेपासून सुरू करून हे दुसरे पाऊल वर्षभर टाका : चंद्र चित्रा, विशाखा, ज्येष्ठा असे करत पुढे जातो आणि आपल्या महिन्यांची नावे कुठून आली ते समोर उभे राहते. बारा पावले टाकूनही वर्ष सुमारे अकरा दिवस अपुरे पडते. अधिक महिना त्या तुटीतून जन्मतो.

लांब पावलांतही मौज आहे. आठ वर्षांचे पाऊल टाका, शुक्र जवळजवळ त्याच जागी सापडेल. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दोन्ही दिवशी तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसला तो याच मेळामुळे. पुढचे अधिक्रमण थेट डिसेंबर २११७ मध्ये. त्याहून सुंदर पाऊल ग्रहणांचे : १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तास. बाबिलोनच्या ज्योतिषांना ते ठाऊक होते. २२ जुलै २००९ च्या पहाटे सुरतेहून खग्रास ग्रहणाची सावली भारतात शिरली. तिच्या वाटेवरच्या कित्येक ठिकाणी पावसाळी ढगांनी पाहणाऱ्यांची निराशा केली. ॲपमध्ये ढग नसतात, त्यामुळे सुरत आणि ती सकाळ निवडून तीन मिनिटांहून थोडी अधिक अशी ती खग्रास स्थिती आजही पाहता येते. आता तिथून हे पाऊल टाका : २ ऑगस्ट २०२७. पुन्हा खग्रास, आणि जिथे सर्वांत लांब तिथे २००९ सारखेच सहा मिनिटांहून अधिक, पण वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून गेलेली असते, म्हणून सावली भारताऐवजी स्पेन आणि इजिप्तवरून जाते. महाराष्ट्रातून ते ग्रहण दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ऑगस्टमधल्या ढगांनी वाट दिली तर.

इथवर आपण आजच्या आसपास होतो. मागे जायला लागलो की ॲपवर आंधळा विश्वास टाकून चालत नाही. गणित चुकते म्हणून नव्हे, तर आपण आणि ॲप ‘तारीख’ म्हणून एकच गोष्ट बोलत असू याची खात्री नसते म्हणून.

सर्वांना पाठ असलेली तारीख घ्या : १९ फेब्रुवारी १६३०, शिवनेरी, शिवजन्म. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ॲपमध्ये जुन्नर हे ठिकाण आणि ही तारीख टाका, संध्याकाळची वेळ ठेवा. शुक्ल पक्षातला साधारण अर्धा चंद्र आकाशात उंच चढलेला दिसेल. वद्य तृतीयेचा चंद्र असा कसा असेल? तो तर नव्वद टक्क्यांहून अधिक उजळलेला आणि सूर्यास्तानंतर दोनएक तासांनी उगवणारा हवा. शंका इतिहासावर घेऊ नका आणि ॲपवरही घेऊ नका. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. बहुतेक ॲप त्या दिवसापासून पुढे नवी, ग्रेगोरियन तारीख धरतात. इंग्लंडने मात्र ही सुधारणा १७५२ पर्यंत मान्य केली नाही, आणि शिवकालाच्या ज्या इंग्रजी तारखा आपल्याकडे रूढ आहेत त्या जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. तेव्हा ॲपमध्ये दहा दिवस पुढे जा, १ मार्च १६३०. वार शुक्रवार, परंपरेने सांगितलेला तोच. आणि पूर्वेकडे, रात्र पडून काही वेळ गेल्यावर, पौर्णिमा उलटून दोन-तीन दिवस झालेला चंद्र वर येतो. वद्य तृतीया.

राज्याभिषेकाचेही तेच. ६ जून १६७४ टाकले तर द्वितीया-तृतीयेची बारीक कोर दिसते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, पौर्णिमेच्या उंबरठ्यावरचा चंद्र पाहायला १६ जून टाकावा लागतो. पोर्तुगालने नवी दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली होती, त्यामुळे त्या काळातली एकच घटना पोर्तुगीज कागदात एका तारखेला आणि इंग्रज वखारीच्या पत्रात दहा दिवस आधीच्या तारखेला नोंदलेली असू शकते. मराठी कागदांना हा घोळ नाही. त्यांत तिथी असते, आणि तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले अंतर भागिले बारा अंश, म्हणजे आकाशाचे थेट वाचन. तारीख कोणत्या राजाने कोणती पद्धत मानली त्यावर ठरते. चंद्राला राजाची पर्वा नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ॲप याच कामाला लावावे असे माझे मत आहे.

तारखेसारखाच घड्याळाचाही फेरा आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. मुंबईने ती सहजासहजी घेतली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली मुंबईची स्वतःची वेळ शहरात कुठे कुठे १९५५ पर्यंत चालू होती. दुसऱ्या महायुद्धात देशभर घड्याळे काही काळ तासभर पुढे केलेली होती. फोन आणि संगणक जगभरच्या प्रमाणवेळांची जी सामाईक यादी वापरतात तिच्यात भारताला एकच नोंद आहे, ती कोलकात्याच्या नावाची. १९०६ पूर्वीसाठी तिथे आधी कोलकात्याची आणि मग मद्रासची वेळ दिलेली आहे, मुंबईची नाही. म्हणून १९०० सालच्या मुंबईचा सूर्योदय पाहताना ॲपने ती यादी वापरली असेल तर घड्याळ अर्ध्या तासाने वेगळे बोलेल. उपाय सोपा : जुन्या काळात शिरताना प्रमाणवेळ बाजूला ठेवून जागतिक वेळ वापरावी.

आणखी मागे गेलो की वर्षाच्या आकड्यातच खाच लागते. खगोलशास्त्र शून्य वर्ष मानते, इतिहास मानत नाही. इतिहासातले इसवी सनपूर्व १ म्हणजे स्टेलॅरियममधले शून्य. इसवी सनपूर्व ३००० हवे असेल तर उणे २९९९ लिहायचे. हे वर्ष मी उगाच निवडलेले नाही. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यावरून गणित केले : कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवतात म्हणजे त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, आणि संपातचलनाचा हिशेब लावला तर तो काळ इसवी सनपूर्व ३००० च्या सुमाराचा येतो. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा वाचक तेव्हा हे गणित विश्वासाने घेई किंवा कागदावर पुन्हा करून पाही. आज पुण्याचे क्षितिज लावून कृत्तिका उगवताना पाहा, त्या पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेला सरकलेल्या दिसतील. मग शंभर-शंभर वर्षांचे पाऊल मागे टाका. पृथ्वीचा अक्ष २५,८०० वर्षांत एक फेरा घेतो, बहात्तर वर्षांत एक अंश. कृत्तिकांची उगवण्याची जागा हळूहळू दक्षिणेला येत येत पूर्वेवर टेकते. उत्तरेकडे वळून पाहिले तर आजचा ध्रुवतारा ध्रुवाजवळ नसतो. त्या जागी कालेय तारकासमूहातला थुबान असतो. दीक्षितांचे गणित खरे होते, हे ॲप सांगते. त्या उल्लेखाचा अर्थ त्यांनी लावला तोच आहे का, वचन त्याच काळी रचले की जुनी आठवण पुढे चालत आली, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि त्यात ॲपला मत नाही.

उगवण्याची दिशा इतक्या मागेही भरवशाने कळते, पण उगवण्याची वेळ नाही. पृथ्वीची गिरकी मंदावते आहे. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचे घर्षण तिला अडवते. रोजचा फरक नगण्य, पण तो साठत जातो. ग्रहांच्या गणिताची समान चालीची वेळ आणि पृथ्वीच्या गिरकीवर चालणारी वेळ यांत सध्या ६९ सेकंदांचे अंतर आहे. इसवी सनाच्या आरंभी ते जवळजवळ तीन तास होते. इसवी सनपूर्व १३६ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी खग्रास ग्रहण पाहून मातीच्या विटेवर नोंदले. पृथ्वी तेव्हापासून एकाच वेगाने फिरली असे धरून गणित केले तर ती सावली बाबिलोनला न पडता भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात जाते. अशा नोंदींवरूनच गिरकीची मंदगती मोजली गेली आणि ॲपमध्ये भरली गेली. म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीचे एखादे ग्रहण ॲप तासा-मिनिटांसह दाखवते तेव्हा त्यातल्या ग्रहणावर विश्वास ठेवावा, मिनिटांवर नाही.

काही गोष्टींना तर महिनाही पुढे नेऊ नये. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे. तिथली विरळ हवा त्याला सतत घासते आणि अधूनमधून इंजिने पेटवून त्याला वर ढकलावे लागते. ते कधी ढकलतील हे कोणत्याही सूत्रात नाही. ताज्या नोंदी उतरवून घेतल्या तर पुढच्या काही दिवसांचे गणित चालते. पुढच्या दिवाळीत ते तुमच्या गच्चीवरून किती वाजता दिसेल हे ॲप बेधडक सांगेल, त्यावर पाहुण्यांना बोलावू नका. धूमकेतूंचेही असेच, गुरूच्या जवळून गेलेल्या धूमकेतूची वाट बदलते आणि जुन्या आकड्यांवर चालणारे ॲप त्याला जुन्याच वाटेवर दाखवत राहते. खेद याचा की कुठपर्यंतचे उत्तर पक्के आणि कुठून पुढचे अंदाजाचे, हे फार थोडी ॲप पडद्यावर सांगतात. ग्रह, उपग्रह आणि पाच हजार वर्षांपूर्वीची पहाट, सगळे सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असते.

तेव्हा वेळेची कळ फिरवताना एवढे करा. भविष्यासाठी ग्रहांवर भिस्त ठेवा, उपग्रहांवर नको. १५८२ ते १७५२ या काळातल्या तारखेला तिथी जोडलेली असेल तर आधी चंद्र पाहा, मग तारीख ठरवा. आणि फोन घेऊन अंगणात जाण्याआधी ‘आत्ता’चे बटण दाबायला विसरू नका, पुढे नेलेली वेळ प्रत्येक ॲपमध्ये आपोआप मागे येते असे नाही.